दिनविशेष : २४ जून
फ्रेड हॉइल, नारळीकरांचे गुरू

महास्फोटाचा सिद्धांत ज्यांना अखेरपर्यंत पटला नाही आणि तरीही ‘बिग बँग’ हे नाव ज्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरून रूढ केले, त्या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचा हा जन्मदिन (१९१५, यॉर्कशायर).

कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये हॉइल यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि पंचविशीतला शिष्य गुरूच्या जोडीने वर्तमानपत्रांत झळकला. १९७२ मध्ये विद्यापीठाशी बिनसल्याने हॉइल केंब्रिज सोडून गेले. नारळीकरही त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

हॉइल विज्ञानकादंबऱ्याही लिहीत. तोही वारसा शिष्याने उचलला, तो मात्र मराठीत! मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी केलेली, अक्षरही पत्नी मंगलाताईंचे. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

महास्फोट न मानण्याचा गुरूचा हट्टही शिष्याने सोडला नाही. १९९३ मध्ये दोघांनी खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासह, महास्फोटाला पर्याय असलेल्या स्थिरस्थिती सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तिघांनी २००० मध्ये त्यावर ग्रंथच काढला.