हँडओव्हर

नोटीस पिरियडचे शेवटचे वीस दिवस उरलेत. साहेबांनी सांगितलंय, "जायच्या आधी सगळं विकीवर लिहून ठेव." फोनवर आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग लिही की, त्यात काय एवढं!" लिहायला बसलो. सहा वर्षांचं काम दोन पानांत संपलं. बाकीचं कुठे गेलं?

म्हणून जरा मागे जाऊन वाचलं. गंमत म्हणजे "कागदपत्रं बाजूला ठेवा" असं ज्यांच्या नावावर आपण खपवतो, त्यांच्यातल्याच एकाने विकी बनवलं! वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिलं विकी सुरू केलं, प्रोग्रामर मंडळींनी आपले अनुभव एकमेकांना सांगावेत म्हणून. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यांत कनिंगहॅमही होते. त्या जाहीरनाम्यात कागदपत्रं नकोत असं कुठेही नाही. चालणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याहून जास्त मोल दिलंय, इतकंच. आम्ही सोयीचं तेवढं वाचलं.

त्याच्याही आधी, १९८६ साली, ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला होता. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी वस्तू कशी तयार होते, यावर. त्यांनी रग्बीची उपमा दिली आणि 'स्क्रम' हे नाव तिथूनच सॉफ्टवेअरमध्ये आलं. अशा गटांची सहा वैशिष्ट्यं त्यांनी सांगितली होती. सहावं होतं, एका गटाने शिकलेलं बाकीच्या संस्थेत पोचवणं. त्याचा एक मार्ग म्हणजे जाणती माणसं पुढच्या प्रकल्पात पाठवणं. आम्ही स्वतःचं स्वतः ठरवणारे गट घेतले, सकाळी उभ्याने मीटिंग घ्यायला लागलो, आणि सहावं तेवढं राहून गेलं.

पण मला खरं उत्तर मिळालं ते पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाच्या १९८५ च्या लेखात. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्राम म्हणजे नुसता कोड नव्हे. तो का तसा आहे, उद्या नवी मागणी आली तर कुठे हात घालायचा, ही समज म्हणजे खरा प्रोग्राम, आणि ती करणाऱ्यांच्या डोक्यात असते. ती माणसं पांगली की प्रोग्राम मरतो. नुसत्या कागदांवरून तो पुन्हा जिवंत करणं अशक्य.

हे वाचून आधी बरं वाटलं, मग लाज वाटली. बरं यासाठी, की दोन पानांत संपलं हा माझ्या लेखणीचा दोष नव्हता. लाज यासाठी, की सहा वर्षांत कुणाला शेजारी बसवून घ्यावं असं मला एकदाही सुचलं नाही. "माझ्याशिवाय अडतं" याचा थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू.

आता ठरवलंय, विकीवर फक्त 'का' लिहायचं. 'कसं' ते कोडमध्ये दिसतंच. आणि रोज दुपारी दोन तास नव्या दोघांनी कीबोर्ड धरायचा, मी नुसतं बाजूला बसायचं. काल त्यातल्या एकीने विचारलं, "दादा, ही तारीख इथे दोनदा का तपासलीय?" सांगायला अर्धा तास लागला. माझ्या दोन पानांत ते नव्हतंच!

असो. वीस दिवस आहेत. बघू किती पोचतंय ते.