दुगाडची लढाई (डिसेंबर १७८०) : पहाटेचा हल्ला आणि त्याचे अपयश

प्रस्तावना :

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा अभ्यास करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वडगाव, वसई आणि बोरघाट या तीन ठिकाणांवर केंद्रित झालेले दिसते. या तिन्ही घटनांना जोडणारी एक लढाई मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. ही लढाई भिवंडी तालुक्यातील दुगाड येथे १० ते १२ डिसेंबर १७८० या तीन दिवसांत झाली. आज नाशिक महामार्गावरील वडपे आणि भिवंडीच्या उत्तरेकडील वज्रेश्वरी मार्ग या परिसरातून आपण नित्य ये-जा करतो. त्याच परिसरात पेशव्यांच्या एका अनुभवी सेनापतीने धुक्याच्या आश्रयाने इंग्रजांच्या मोर्चेबंद टेकडीवर चढाई केली आणि तेथेच त्याला वीरमरण आले. सदर हल्ल्याची योजना योग्य असूनही तो का फसला, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर निर्माण झालेल्या वारसातंट्याचा लाभ मुंबईकर इंग्रजांनी घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाणे जिंकले आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाकडून साष्टी व वसई मिळविण्याचे आश्वासन पदरात पाडून घेतले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांना मानहानिकारक करार करण्यास भाग पाडले. तथापि कंपनी सरकारने तो करार मान्य केला नाही व युद्ध पुन्हा सुरू झाले.

१७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण ताब्यात घेतले. त्याच वर्षी हैदरअलीने कर्नाटकात उतरून सप्टेंबरमध्ये कर्नल बेलीच्या फौजेचा नाश केला. त्यामुळे कंपनीवर दोन आघाड्यांचा ताण पडला. अशा स्थितीत जनरल गॉडर्डने नोव्हेंबरमध्ये वसईला वेढा घातला. वसई हे केवळ एक ठाणे नव्हते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून प्रचंड किंमत मोजून मिळविलेला तो विजय होता. म्हणूनच नाना फडणीसांनी वसईच्या मदतीसाठी घाटावरून फौज खाली उतरविली. कोकणातील फौजेचे नेतृत्व रामचंद्र गणेश कानडे यांच्याकडे होते. पानिपतानंतर उत्तर हिंदुस्थानात मराठी सत्ता पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी १७६९ मध्ये जी मोहीम निघाली, तिचे सेनापतिपद त्यांनीच भूषविले होते.

दुगाडचे स्थान :

दुगाड भिवंडीच्या उत्तरेस सुमारे नऊ मैलांवर आहे. घाटावरून उतरून वसईकडे जाणाऱ्या फौजेला या टापूतील वाटा सोयीच्या होत्या. गॉडर्ड वेढ्यात गुंतलेला असताना त्याच्या पिछाडीचे रक्षण करण्याचे काम कर्नल हार्टले याच्याकडे होते. वडगावच्या माघारीत इंग्रजांची पिछाडी सांभाळणारा हाच अधिकारी होय. त्याच्याजवळ लढण्यास सक्षम असे सुमारे दोन हजार शिपाई उरले होते. मराठी फौजेची संख्या वीस हजारांहून अधिक असल्याचे ग्रँट डफ सांगतो. या आकड्यात घोडदळ मोठ्या प्रमाणावर होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. डोंगराळ भूमीत मोर्चेबंद पायदळासमोर घोडदळाच्या संख्येचा लाभ मर्यादितच राहतो.

हल्ल्याचे स्वरूप :

१० डिसेंबर रोजी मराठ्यांनी हार्टलेवर जोरदार हल्ले केले. ११ तारखेसही चकमकी व तोफांचा मारा चालू राहिला. हार्टलेच्या दोन्ही बगलांशी दोन टेकड्या होत्या व त्याच्या तळाची सुरक्षितता त्यांवरच अवलंबून होती. त्या हस्तगत झाल्यास तळ उघडा पडणार, हे रामचंद्र गणेशांनी अचूक हेरले. मात्र हीच गोष्ट हार्टलेच्याही लक्षात आली होती. त्याने रातोरात टेकड्यांवर आडोशाच्या भिंती उभारून तोफा चढविल्या.

१२ डिसेंबरच्या पहाटे दाट धुके पसरले होते. त्याचा फायदा घेऊन अरब शिपाई, इतर पायदळ आणि नरोन्हा या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालील सुमारे एक हजार कवायती शिपाई टेकडीकडे सरकले. रामचंद्र गणेश स्वतः अग्रभागी होते. ते इंग्रजांच्या चौकीजवळ पोहोचले असतानाच धुके अकस्मात विरले आणि दोन्ही फौजा एकमेकांसमोर उघड झाल्या. टेकडीवरील तोफांचा मारा जवळच्या अंतरावरून सुरू झाला. रामचंद्र गणेश ठार झाले, नरोन्हा जखमी झाला आणि सेनापती पडल्यामुळे फौजेने माघार घेतली.

मीमांसा :

या पराभवाचे खापर केवळ धुक्यावर फोडणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. धुके विरले नसते तरी चढाई करणाऱ्यांची गाठ तयार मोर्चांशीच पडणार होती. अचानक हल्ल्याचे यश केवळ अंधारावर अवलंबून नसते, तर शत्रूच्या बेसावधपणावर अवलंबून असते. आदल्या दोन दिवसांच्या झुंजीमुळे हार्टले सावध झाला होता. हल्ल्याची वेळ अनपेक्षित असेल, पण हल्ल्याचे ठिकाण अनपेक्षित राहिले नव्हते.

दुसरी बाब नेतृत्वाची आहे. सेनापतीने स्वतः आघाडीवर राहावे, ही त्या काळची रीत होती. ज्या शौर्यामुळे शिपाई टेकडीपर्यंत पोहोचले, त्याच शौर्याने फौजेला एका क्षणात नेतृत्वहीन केले.

तिसरी बाब कालक्रमाची आहे. वसईचा किल्ला ११ डिसेंबर रोजीच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. म्हणजे ज्या किल्ल्याच्या सुटकेसाठी हा हल्ला झाला, तो त्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. या दृष्टीने पाहता रामचंद्र गणेशांचे बलिदान अधिकच चटका लावते.

येथे साधनांची मर्यादाही नमूद केली पाहिजे. लढाईचे प्रचलित वर्णन मुख्यतः ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथातून आले आहे आणि ग्रंथकार स्वतः कंपनीचा अधिकारी होता. टेकडीवरून खाली पाहणाऱ्याची नजर त्यात आहे. टेकडी चढणाऱ्याची नजर शोधण्यासाठी मराठी पत्रव्यवहाराकडे वळावे लागते.

निष्कर्ष :

दुगाडचा विजय इंग्रजांना युद्ध जिंकून देऊ शकला नाही. बोरघाटापर्यंत गेलेल्या गॉडर्डला एप्रिल १७८१ मध्ये पनवेलकडे माघार घ्यावी लागली. त्या माघारीत हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांच्या फौजांनी त्याचे मोठे नुकसान केले. मोर्चेबंद टेकडीवर जे साधले नाही, ते चालत्या फौजेवर साधले. मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, परंतु वसई मराठ्यांना परत मिळाली. दुगाडला रणांगणावर जे गमावले, ते दीड वर्षाने तहात परत आले.

भिवंडी परिसराचे स्वरूप आज गोदामे व रुंद रस्ते यांमुळे झपाट्याने बदलत आहे. टेकडी सपाट झाली की लढाईचे सर्वात विश्वसनीय साधनच नष्ट होते, कारण उंची, अंतर आणि माऱ्याचा टप्पा या गोष्टी कागदावरून पूर्णपणे उमगत नाहीत. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे दुगाडच्या रणभूमीचे सर्वेक्षण हाती घेतल्यास ते स्थानिक इतिहासाला मोलाचे योगदान ठरेल. विद्यार्थ्यांनाही त्यातून पाठ्यपुस्तकातील युद्ध आपल्या गावच्या वाटेवर भेटेल.