मण्यारीचा दंश आणि मज्जातंतूचे शेवटचे टोक

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा पुष्कळदा त्याला जागही येत नाही. दात बारीक, वेदना नगण्य, सूज जवळजवळ नाहीच. पहाटे पोटात कळ येते, घसा अवघडतो आणि पापण्या मिटू लागतात. मग जीभ जड होते, मान टाकली जाते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात.

या अवस्थेत माणूस मेल्यासारखा दिसतो. हातपाय लुळे, डोळे मिटलेले, कधी बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत. परंतु श्वास वेळीच चालू ठेवला गेला, तर तो शुद्धीवर असू शकतो. मेंदू शाबूत असतो. त्याची आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचत नाही, इतकेच. ती अडते कोठे?

या प्रश्नाचा पहिला धागा सापाच्या नव्हे, बाणाच्या विषातून मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी दक्षिण अमेरिकेतील ‘क्युरारे’ हे विष बेडकाला दिले. मज्जातंतूला विजेचा झटका दिला, तर स्नायू हालेना; स्नायूलाच झटका दिला, तर तो आकसला. म्हणजे अडथळा दोहोंच्या सांध्यात होता. त्या सांध्यातील फट मज्जातंतू एका रसायनाने ओलांडतो, हे पुढे ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. दोघांना १९३६ चे नोबेल मिळाले. स्नायूला आज्ञा पोहोचवणारे ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

१९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी तेथील पट्टेरी मण्यारीचे विष वेगळे करून पाहिले. त्यात दोन तऱ्हांची विषे निघाली. एक स्नायूवरच्या ग्राहीला कुलपात किल्ली अडकावी तसे चिकटते. दुसरे मज्जातंतूच्या टोकात शिरून रसायनाचा साठा संपवते आणि ते टोकच उद्ध्वस्त करते. आपल्याकडच्या मण्यारीच्या विषातही अशी दोन्ही कामे करणारे घटक असतात. (पहिल्या विषाची पकड इतकी घट्ट की, त्याच्याच आधारे शास्त्रज्ञांनी पुढे तो ग्राही वेगळा काढला. ज्या विषाने माणसे मरत, त्यानेच मज्जासंस्थेचा एक महत्त्वाचा भाग उलगडला.)

हा भेद नारायणगावात रोज उपयोगी पडतो. तेथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य अनेक वर्षे सर्पदंशावर उपचार करीत आले आहे. नागाचे विष मुख्यतः ग्राही अडवते. त्यामुळे प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन दिल्यास पापण्या वर उचललेल्या दिसू शकतात. मण्यारीत त्या औषधाचा भरवसा नाही, कारण संदेश पाठवणारे टोकच उरलेले नसते. प्रतिविष रक्तातले मोकळे विष पकडते, मोडलेले टोक जोडीत नाही. ते शरीराला नव्याने वाढवावे लागते. त्यास काही दिवस, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोवर श्वास यंत्राने चालवणे, हाच उपचाराचा गाभा.

जुन्या काळी मांत्रिकाला यश येई, ते बहुतेक साप बिनविषारी असल्यामुळे आणि विषारी सापाच्याही प्रत्येक दंशात विष उतरत नसल्यामुळे. मण्यारीच्या खऱ्या दंशात मात्र देवळात गेलेले दोन तास श्वासाच्या हिशेबातून वजा होतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतली.

डिंभे धरणापलीकडच्या वाडीतून किंवा भीमाशंकरच्या डोंगरउतारावरून निघालेली गाडी घोडेगाव-मंचरच्या रस्त्याला लागते, तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी रबरी पिशवी हाताने दाबून त्या माणसाला श्वास देत असेल, तरच तो पोहोचतो. आणि त्या वाटेवर त्याच्या उशाशी काय बोलले जाते, ते त्याला ऐकू येत असू शकते.