माडाला लागलेल्या शिड्या

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या जुन्या वाडीत काही माडांच्या अंगावर बुंध्यापासून वरपर्यंत खाचा आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे. माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांनी त्या पाडलेल्या. पोय छाटायला, मडके उतरवायला त्यांना दिवसातून दोन-तीनदा वर जावे लागे. इतक्यांदा चढायचे, तर झाडालाच पायऱ्या करणे सोयीचे. नारळ पाडणारा पाडेली दीड-दोन महिन्यांनी येई. तो खोडाला कोयता लावत नसे. सुंभाचे कडे दोन्ही पायांत अडकवायचे, माडाला कवेत घ्यायचे आणि अंग वर ओढत जायचे. कमरेच्या आकडीला कोयता. त्याची शिडी त्याच्याबरोबर येई आणि त्याच्याबरोबर पुढच्या माडावर जाई.

माड म्हणजे आंबा नव्हे. त्याचे खोड वर्षागणिक जाड होत नाही, झालेली जखम भरून येत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आमच्याकडची माडी आटली, पण खाचा होत्या त्याच उंचीवर तशाच राहिल्या. त्यांत पाणी साचते. सोंड्या भुंगा अशा जखमा शोधूनच अंडी घालतो. शिवाय खाच ज्याने पाडली त्याच्या ढांगेच्या मापाची; आखूड पायाच्या पोराला दर पायरीला ताणावे लागते. कडा झिजली की पाय निसटतो. पन्नास-साठ फुटांवर हात घालायला एक फांदीही नसते.

सुंभाचे कडे झाडाला इजा करत नाही, पण त्यात सगळी भिस्त माणसाच्या पायांवर आणि दमावर. आमच्या पाडेल्यांच्या छातीवर आणि पावलांच्या कडांवर जाड घट्टे होते. त्यांच्या मुलांनी हे काम धरले नाही, आणि ते बरोबरच केले असे मी बागायतदार असूनही म्हणतो.

पाडेली मिळेनासे झाल्याची ओरड केरळात आमच्याहून मोठी होती. तिथेच, कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने चढायचे यंत्र बनवले. दोन पायांना दोन लोखंडी चौकटी, प्रत्येकीचा तारेचा दोर खोडाभोवती. पायावर भार दिला की दोर आवळतो. भार काढला की सैल पडतो. तेवढ्यात ती चौकट हाताने वर घ्यायची, मग दुसरी. बुंधा जाड असो की शेंड्याकडचे खोड बारीक, दोर जुळवून घेता येतो. ढांग ज्याची त्याची. खोडावर ओरखडा नको, छातीवर घट्टा नको. २०११ मध्ये नारळ विकास मंडळाने केरळात या यंत्रावर सहा दिवसांचे प्रशिक्षण सुरू केले. तरुण मुले शिकली, बायकाही शिकल्या. या कामाचा इतिहास लिहायचा तर मी ते वर्ष ठळक लिहीन.

यंत्राला सरळ माड लागतो; समुद्राकडे कललेल्यावर अजून पाडेलीच हवा. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. यंत्र पाय धरते. वर पोचल्यावर घड कापायला माणूस दोन्ही हात मोकळे करून बाजूला झुकतो, तेव्हा त्याला धरायला खोडाभोवती दुसरा पट्टा हवाच. पुष्कळ बागायतदार यंत्र विकत घेतात आणि पट्ट्यावर पैसे वाचवतात. माझ्या वाडीत पट्ट्याशिवाय कुणी चढत नाही. तो चढणाऱ्याने आणायचा नसतो, वाडीच्या मालकाने द्यायचा असतो.