ट्रॉली, ट्रेलर आणि जोडाची जागा

नागपूरकरांच्या नळाला येणारे बरेचसे पाणी पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या जलाशयातून येते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच पाण्यावर पेंचच्या कालव्यांलगतच्या गावांत धान पिकतो आणि तो घरी अथवा बाजारात नेण्यासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली हेच मुख्य वाहन आहे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला कन्हान येथून नागपूर-जबलपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. तेथे अठरा-बावीस चाकांचे ट्रेलर रात्रंदिवस धावत असतात. एकाच तालुक्यात जोडवाहनांची ही दोन कुळे नांदतात. तिसरे कूळ आपल्याकडे अद्याप क्वचितच दिसते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या सुटीच्या छायाचित्रांत मात्र ते हमखास आढळते: पिकअप ट्रकच्या हौद्यात मान रोवून मागे चालणारे फिरते घर, म्हणजेच फिफ्थ व्हील कॅम्पर.

दिसायला या तिघांत काहीच साम्य नाही. परंतु ही वाहने सुरक्षित चालतात की नाही, हे ठरवणारा प्रश्न एकच आहे. ओढणाऱ्या वाहनाच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर मागच्या वाहनाचा भार येतो? इंजिनाची ताकद हा दुय्यम मुद्दा आहे. ओढण्याची ताकद आजकालच्या कोणत्याही ट्रॅक्टरमध्ये वा पिकअपमध्ये पुरेशी असते. घात होतो तो जोडापाशी.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. विदर्भातील बंडी हाकणाऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. बंडीत भार मागे जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार फार पुढे आला तर जू मानेवर दाबते आणि बैल चालेनासे होतात. म्हणून जाणता शेतकरी पोती रचताना आसाच्या किंचित पुढे भार ठेवतो. जुवावर थोडे वजन यावे, पण फार येऊ नये. आधुनिक ट्रेलरशास्त्रात हाच नियम टक्केवारीत मांडलेला आहे. मागच्या बाजूच्या हुकाला जोडून ओढल्या जाणाऱ्या साध्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी सुमारे १० ते १५ टक्के भार जोडावर असावा, असे मानतात. तो त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलरची शेपटी डोलू लागते आणि अखेर ती पुढच्या वाहनालाही आपल्याबरोबर डोलवते.

कायद्यानेही या भेदाची दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ‘ट्रेलर’ आणि ‘सेमी-ट्रेलर’ यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा काही अंश ते वाहन पेलते, तो सेमी-ट्रेलर. कन्हानच्या महामार्गावरील लांबलचक ट्रेलर या वर्गात मोडतात. त्यांच्या पुढील इंजिनाच्या भागाला चालक मंडळी ‘घोडा’ म्हणतात. घोड्याच्या पाठीवर ग्रीस फासलेली एक जाड पोलादी तबकडी दिसते. ट्रेलरच्या पोटाखालील खुंटा, म्हणजे किंगपिन, तिच्या खाचेत शिरून जबड्यात अडकतो. या तबकडीलाच फिफ्थ व्हील म्हणतात. घोडागाड्यांच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवीत. चार चाकांनंतरचे ते पाचवे चाक. घोडे गेले, नाव राहिले.

आखूड हौद्याची अडचण

या योजनेचा मोठा गुण असा की भार थेट मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे येतो. त्यामुळे पुढची चाके हलकी होत नाहीत आणि स्टिअरिंगची पकड शाबूत राहते. शेपटी डोलण्याचे प्रमाणही साध्या ट्रेलरपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणूनच जोडावर १५ ते २५ टक्के इतका मोठा भार घेऊनही ही वाहने स्थिर चालतात. पण गुणाची किंमत मोजावी लागतेच. पाच टनांच्या कॅम्परचा सुमारे एक टन भार पिकअपच्या पाठीवर येतो. त्यात प्रवासी, सामान आणि खुद्द त्या तबकडीचे वजन मिळवले की वाहनाची भारवहन क्षमता संपते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली ‘ओढण्याची क्षमता’ तेव्हाही शिल्लकच दिसत असते. खरेदी करणारे मोठा आकडा पाहतात. पाहायला हवा तो लहान आकडा.

दुसरी अडचण निव्वळ भूमितीची आहे. असे कॅम्पर आठ ते साडेआठ फूट रुंद असतात. म्हणजे जोडाच्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना ४८ ते ५१ इंच. पिकअप काटकोनात वळला की कॅम्परची ही अर्धी रुंदी केबिनच्या दिशेने येते. आठ फुटी हौद्याच्या मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये केबिनची मागची भिंत आणि मागचा आस यांत साधारण ५६ इंचांचे अंतर असते. तेथे कॅम्परचा कोपरा जेमतेम का होईना, निभावून जातो. साडेसहा फुटी हौद्यात मात्र हे अंतर सुमारे ४० इंचांवर येते आणि साडेपाच फुटीत त्याहूनही कमी. अशा वाहनाने मागे घेताना अथवा अरुंद जागी वळताना कॅम्परचा कोपरा मागची काच फोडून केबिनमध्ये घुसू शकतो. सरळ रस्त्यावर दिवसभर काहीच कळत नाही. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना मात्र कळते.

उपाय सुचायला सोपा आहे: जोड मागे सरकवावा. पण जोड आसाच्या मागे गेला की तो टोकाला वजन बांधलेल्या तरफेसारखा वागू लागतो आणि पुढची चाके हलकी करतो. वळणासाठी जोड मागे हवा, तोलासाठी पुढे हवा. आखूड हौद्याचा सारा पेच या ओढाताणीत आहे. त्यावर सरकत्या तबकडीचा मार्ग काढण्यात आला. साध्या प्रकारात चालकाने थांबून, खटका सोडून तबकडी दहा-बारा इंच मागे न्यायची, संथ गतीने वळण पूर्ण करायचे आणि रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा पुढे आणून अडकवायची. ती तशीच मागे ठेवून महामार्गावर जाणे ही घोडचूक आहे. महागड्या प्रकारात वळणाबरोबर तबकडी आपोआप मागे सरकते. काही कॅम्परांच्या नाकाडाचे कोपरेच छाटलेले असतात. पण छाटलेला कोपरा म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. मोकळ्या मैदानात, बाहेर एक माणूस उभा करून, दोन्ही बाजूंना हळूहळू पूर्ण वळण घेऊन पाहणे आणि कोपरा व केबिन यांतील अंतर टेपने मोजणे, हीच खरी परीक्षा. ती चढउताराच्या जागीही घ्यावी, कारण पुढचे वाहन चढावर आणि मागचे उतारावर असताना हे अंतर बदलते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र आपल्याकडची फिरती घरे प्रामुख्याने एकाच सांगाड्यावर बांधलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी आहेत. जोडाचा प्रश्न त्यांना नाही. आपल्या खेडोपाडी तो प्रश्न रोज सोडवावा लागतो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्याला.

ट्रॉलीचा हिशेब

ट्रॅक्टरचा जोड नेहमीच मागच्या आसाच्या मागे असतो. तो आसावर आणण्याची सोय नाही. म्हणजे पिकअपवाला जी जागा टाळू पाहतो, तेथेच ट्रॅक्टरचे काम चालते. एक साधे उदाहरण घेऊ. भरलेली दोनचाकी ट्रॉली चार टनांची आहे. जोडापासून तिच्या आसापर्यंतचे अंतर तीन मीटर आहे आणि मालाचा मध्यबिंदू आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे, असे समजू. तेव्हा जोडावर एकदशांश, म्हणजे ४०० किलो भार येईल. जोड ट्रॅक्टरच्या मागच्या आसापासून ७० सेंटिमीटर मागे आणि दोन्ही आसांत दोन मीटर अंतर असेल, तर पुढच्या चाकांवरील वजन १४० किलोंनी घटेल. हे सहज सोसले जाते. पण तीच पोती पुढे रेटून मालाचा मध्यबिंदू आसाच्या ९० सेंटिमीटर पुढे आला तर जोडावर १२०० किलो आणि पुढच्या चाकांवरून ४२० किलो गायब! साधारण दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर मुळात सात-आठशे किलोच असतात. त्यातले निम्म्याहून अधिक गेले की स्टिअरिंग हातात राहते, पण ट्रॅक्टर त्याचे ऐकत नाही. कालव्याची पाळ चढताना पुढची चाके हवेत उचलली जातात ती याच कारणाने.

याहून घातक प्रकार म्हणजे ट्रॉली जोडण्यासाठी ठरवून दिलेला खालचा हूक सोडून आसाच्या वरच्या पातळीवर कोठेतरी साखळी वा दांडा अडकवणे. ओढ आसाच्या वरून लागली की जोर वाढताच ट्रॅक्टर मागे कलंडू पाहतो. चिखलात रुतलेली ट्रॉली काढण्याच्या घाईत ही चूक होते आणि चालकाला उडी मारण्याइतकाही अवधी मिळत नाही.

आखूड हौद्याच्या पिकअपची दुसरी व्यथाही ट्रॉलीला आहेच. ट्रॉलीचा दांडा आखूड असेल तर बांधावर किंवा पुलाशी वळताना तिचा पुढचा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरवर घासतो. टायर फाटतो हे नुकसान भरून येते. पण फिरते टायर कोपऱ्याला वर उचलते आणि भरलेली ट्रॉली पलटी होऊ शकते, याचा विचार सहसा होत नाही. ट्रॉली बनवून घेताना दांड्याची लांबी आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या मापाने ठरवावी. दुसऱ्याची ट्रॉली मागून आणल्यास रिकाम्या स्थितीत एकदा दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावी.

ब्रेकचा मुद्दा स्वतंत्र आहे. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ती सोय असते. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडल खटक्याने एकत्र जोडायचीच असतात. एकाच बाजूचा ब्रेक दाबला गेला आणि मागून चार टनांचा रेटा आला, तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चाकूच्या पात्यासारखी मिटते. पुष्कळ दोनचाकी ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे थांबण्याचे सारे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. कोलितमाऱ्याच्या दिशेने जंगलातील चढउतार सुरू झाले की हे जाणवते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय येथे जिवावर बेतते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर दाबावा.

अंधार हा तर ट्रॉलीचा जुना वैरी. मागे दिवे नाहीत, परावर्तक पट्ट्या मातीने झाकलेल्या आणि शेवटी कडबा लोंबतो आहे, अशी ट्रॉली महामार्गावर आली की मागून येणाऱ्या चालकाला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये परावर्तकांची तरतूद आहे. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणीही आवश्यक आहे. पण नियमाची वाट कशाला पाहायची? लाल पट्टीचा एक तुकडा आणि तो पुसायला एक फडके, एवढाच हा खर्च आहे.

आणि माणसे. ट्रॉली मालासाठी असते, हे सर्वांना मान्य असते. तरी लग्नाला, जत्रेला, निंदणीला माणसे तीतूनच जातात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातील कानपूरजवळ घाटमपूर परिसरात देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण दगावले. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणींचा मृत्यू झाला. पोती वळणावर एका बाजूला सरकत नाहीत. माणसे सरकतात, उठून उभी राहतात, एका कठड्याशी गोळा होतात. वर मांडलेला किलो-सेंटिमीटरचा कोणताही हिशेब अशा भाराला लागू पडत नाही. शिवाय ट्रॉलीत ना आसनपट्टा असतो, ना डोक्यावर छप्पर. मजुरांची ने-आण करणाऱ्या शेतमालकाने प्रवासी वाहनाचे भाडे हा मजुरीचाच भाग मानला पाहिजे.

राहता राहिली जोडणीची तपासणी. ती ट्रॉलीला, ट्रेलरला आणि कॅम्परला सारखीच लागू आहे. जोडताना मागच्या वाहनाच्या चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळा असावा आणि दोन्ही वाहनांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. हुकाचा खिळा पूर्ण खाली बसला आहे ना, त्याला खालून अडकवणी आहे ना, हे वाकून डोळ्यांनी पाहावे. अडकवणीऐवजी तार गुंडाळू नये. तबकडीच्या जोडात किंगपिनभोवती जबडा मिटला आहे ना आणि वरखालच्या पत्र्यांत फट नाही ना, हे विजेरी घेऊन तपासावे. मग ठोकळे न काढता पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहावे. जोड कच्चा असेल तर तो येथेच सुटेल. दोन्ही वाहनांना बांधणारी साखळी दांड्याखालून तिढा घालून जोडावी, म्हणजे खिळा निसटला तरी दांडा जमिनीत रुतणार नाही. गावापासून दोन-तीन किलोमीटरवर एकदा थांबून खिळा, साखळी, टायर आणि दोर पुन्हा पाहावेत. माल बसतो, दोर सैल पडतात आणि मालाचा मध्यबिंदू निघताना होता तेथे राहिलेला नसतो. पारशिवनीहून आमडी फाट्याकडे निघालेल्या ट्रॉलीने ही तपासणी महामार्गाला लागण्याच्या आधी, फाट्याच्या अलीकडेच उरकावी. पुढे थांबायला जागा मिळेलच असे नाही.