तासाचा हिशेब आणि भाषेचा अध्यापक

कंत्राटी कामगार म्हणजे काय, हे पोलादाच्या कारखान्यांच्या ह्या जालना शहरात निराळे सांगावयास नको. काम बारमाही असते. माणूस तेवढा हंगामी ठरविला जातो. आम्ही कामगारांत वावरणारे. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून आम्ही कधी चढलो नाही. तरीही भाषा शिकविणाऱ्यांच्या नेमणुकांचा इतिहास चाळताना तोच हिशेब आम्हांस तेथेही आढळला.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचेच उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाच्या 1862 सालच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम त्यांनी हंगामी म्हणून चालविले. मात्र 1873 साली त्या जागेवर विलायतेहून पीटर पीटर्सन आले. ते भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान होते. पीटर्सन विद्वान होते, हस्तलिखितांच्या शोधाचे त्यांचे कार्य मोलाचे आहे; त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष होता तो निवडणाऱ्यांच्या दृष्टीचा. जो काम करून दाखवीत होता, त्याला दुय्यम ठेवण्यात आले. त्याच दुय्यम जागेवर असताना भांडारकरांनी 1877 साली विल्सन व्याख्याने दिली. संस्कृतपासून प्राकृत, आणि प्राकृतापासून आपल्या बोलत्या भाषा कशा घडल्या, हे त्यांनी शास्त्रीय पद्धतीने मांडले. आपल्याकडील भाषाशास्त्राच्या पायाचे ते काम होय. पुढे ते डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1893 साली त्याच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू.

दुसरी वाट चिपळूणकर, टिळक, आगरकरांची. सरकारी जागांकडे पाठ फिरवून त्यांनी 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सभासदांचे वेतन महिना 75 रुपये. पण एक गोष्ट विसरू नये. हा त्याग त्यांनी आपण होऊन पत्करला होता, आणि संस्थेचे चालकही तेच होते. एवढे असूनही नियमांच्या आणि मिळकतीच्या वादात टिळक 1890 साली बाहेर पडले. पुढे अनेक ठिकाणी त्यागाची भाषा तेवढी उरली. अध्यापकाच्या हातून चालकपण निसटले.

आपल्या मराठवाड्याची तऱ्हा आणखी निराळी. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि इंग्रजी सक्तीची. म्हणजे मराठी मुलाला आपली बोली घरी ठेवून दोन परक्या उंबरठ्यांवरून आत जावे लागे. 1950 साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले. उच्च शिक्षण जवळ आले. तथापि वर्गात उभे राहणाऱ्याची जागा पक्की झाली काय?

आज महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अध्यापक नेमले जातात. जितके तास, तितके पैसे. सुटीत काही नाही. इंग्रजी लेखन शिकविणाऱ्याला हा हिशेब विशेष मारक आहे. कारण लिहावयास शिकविणे हे फळ्यापाशी संपत नाही. साठ मुलांचे साठ निबंध घरी न्यावयाचे, प्रत्येकाची चूक निराळी, ती समजावून पुन्हा लिहून घ्यावयाचे. हे खरे काम तासाच्या बाहेरचे, आणि तासाबाहेर मोबदला नाही! मग निबंध तपासले जात नाहीत, मार्गदर्शकातील उत्तर पाठ होते, आणि पदवी घेतलेल्या मुलाला नोकरीचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. भाषाशास्त्राचेही तसेच. एखादी बोली ऐकून, टिपून, पारखून घेण्यास वर्षे लागतात. पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ते काम कोणत्या भरवशावर हाती घ्यावे?

भांडारकरांनी हंगामी असून मोठे काम केले, म्हणून हंगामी ठेवण्यात गैर नाही, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, असा माणूस शतकातून एखादाच निपजतो. व्यवस्था ही सामान्य, प्रामाणिक माणसासाठी रचावयाची असते. मुलाचे नाव कॉलेजात घालताना आपण इमारत पाहतो, शुल्क विचारतो. यापुढे आणखी एक विचारावे: येथे भाषा शिकविणारे कायम किती, आणि तासावर किती? पालकांनी हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर बदलावयाचे नाही.