टंकलेखक, संगणक केंद्र आणि पोर्टल : विद्यापीठीय तंत्रसाहाय्याच्या इतिहासाविषयी एक टिपण

विद्यापीठांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा कुलगुरूंच्या कारकिर्दी, अधिविभागांची स्थापना, इमारती व पदवीधरांची संख्या यांची नोंद साक्षेपाने केली जाते. विद्यार्थ्याचा प्रबंध कोणी टंकलिखित केला, संगणकापुढे प्रथम बसताना त्याच्या शेजारी कोण उभे होते, अडलेला परीक्षा-अर्ज कोणी सोडविला, याची नोंद मात्र सहसा आढळत नाही. वस्तुतः शिक्षणसंस्थेत नवे साधन येते तेव्हा त्या साधनापर्यंत विद्यार्थ्याला पोचविणारी एक व्यवस्थाही उभी राहावी लागते. या व्यवस्थेस प्रस्तुत लेखात 'तंत्रसाहाय्य' असे म्हटले आहे. तिचे टप्पे कोल्हापूरच्या संदर्भात पाहणे आणि त्यांतून निघणारा एक निष्कर्ष मांडणे, एवढाच येथे हेतू आहे.

(१)

कोल्हापुरात साहाय्याची कल्पना विद्यापीठाहून बरीच जुनी आहे. राजाराम महाविद्यालय १८८० साली सुरू झाले. परंतु महाविद्यालयाचे दार उघडले म्हणून खेड्यातील मुलगा आत येतोच असे नाही, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहांची मालिका त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. यांतील जैन बोर्डिंगमध्ये काही काळ राहिलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व रूढ केले. ज्ञान व विद्यार्थी यांच्यामधील अंतर भरून काढणे हा दानधर्म नसून तो शिक्षणाचाच भाग होय, हा विचार या परंपरेच्या मुळाशी आहे. पुढील टप्प्यांचे मूल्यमापन याच कसोटीवर करावयाचे आहे.

(२)

शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे होत. प्रारंभी संलग्न महाविद्यालये ३४ व विद्यार्थी सुमारे १४,००० होते. त्या काळी विद्यार्थ्याच्या वाट्यास येणारी यंत्रे म्हणजे टंकलेखनयंत्र आणि चक्रमुद्रणयंत्र. गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र १९५५ साली तयार केले होते. मराठी यंत्राच्या मोजक्या कळांवर देवनागरीची सर्व जोडाक्षरे मावणे शक्य नव्हते. काही अक्षरे अर्ध्या खुणा जोडून सिद्ध करावी लागत, काही पाय मोडून लिहावी लागत. बोलीविषयक प्रबंधांतील ध्वनिचिन्हे तर टंकलिखित पानावर लेखणीने भरावी लागत.

या टप्प्यावर विद्यापीठाची म्हणून काही सेवा नव्हती. विद्यार्थी पानामागे ठरलेला दर देऊन टंकलेखकाकडून काम करवून घेई. तथापि हा टंकलेखक केवळ कळा दाबणारा नव्हता. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम शासनमान्य झाले तेही १९६२ सालीच. ऱ्हस्वदीर्घाची शंका विचारणारा, गळलेला शब्द दाखविणारा, समासासाठी किती जागा सोडावी हे सांगणारा तो एक जाणता वाचक होता. हे साहाय्य विकत घ्यावे लागे, पण ते देणारा माणूस समोर बसलेला असे आणि त्याच्याशी मराठीत बोलता येई.

(३)

संगणकाच्या आगमनाने हे चित्र पालटले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. अशी यंत्रे दुर्मिळ असल्याने सामान्य विद्यार्थ्यास त्यांचे दर्शनही होत नसे. याच सुमारास अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्‌झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी वेगळी दिशा धरली. ग्रंथालयातील कपाटे जशी विद्यार्थ्यांस खुली असतात तसाच संगणकही खुला असावा, या भूमिकेतून त्यांनी १९६४ साली कालविभागणीची पद्धती व 'बेसिक' ही सोपी संगणकभाषा सुरू केली. त्या यंत्रणेच्या उभारणीत पदवीपूर्व विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. शिकणारे आणि शिकणाऱ्यास हात देणारे एकाच वर्गातील होते. 'कमवा व शिका'च्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकांस ही गोष्ट परकी वाटू नये.

आपल्याकडे व्यक्तिगत संगणक आल्यावर विद्यापीठांतून संगणक केंद्रे स्थापन झाली. ग्रंथालये जोडण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'इन्फ्लिबनेट' प्रकल्प १९९१ साली सुरू झाला, आणि २००२ साली 'यूजीसी-इन्फोनेट'द्वारे विद्यापीठे एका जाळ्यात आली. पहिल्यांदाच साहाय्य ही संस्थेची जबाबदारी ठरली. केंद्रास खोली होती, वेळापत्रक होते आणि शंका विचारण्यास माणूस होता.

परंतु भाषेच्या बाजूने एक मोठी उणीव राहिली. पुण्यात १९८८ साली 'सी-डॅक'ची स्थापना झाली, १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांकनाचे 'इस्की' हे प्रमाण निश्चित झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. प्रत्यक्षात मात्र टंकनगृहांतून स्वतःचेच संकेतांक वापरणारे फाँट चालत राहिले. कागदावर उमटणारे अक्षर सुबक असल्याने त्यामागील संकेतांक कोणता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पीएच.डी.विषयक २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची अंकीय प्रत देणे बंधनकारक केले व पुढे 'शोधगंगा' हे भांडार उभे राहिले, तेव्हा या उणिवेचे परिणाम दिसू लागले. अनेक मराठी प्रबंध तेथे आहेत, पण त्यांत शब्द शोधता येत नाही. दृष्टिहीन संशोधकाचे वाचक-सॉफ्टवेअर असे पान उघडते तेव्हा त्याच्या कानी निरर्थक रोमन अक्षरे पडतात. टंकन चालू असताना 'युनिकोड वापरा' असे सांगणारा एक जाणकार मिळता, तर हा श्रमाचा अपव्यय टळला असता.

(४)

तिसरा टप्पा पोर्टलचा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि 'एमएस-सीआयटी' या अभ्यासक्रमाद्वारे संगणकसाक्षरता तालुक्याच्या गावापर्यंत गेली. त्यानंतर प्रवेश, परीक्षा-अर्ज, प्रवेशपत्र, निकाल हे सारे व्यवहार क्रमाक्रमाने ऑनलाइन झाले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. महासाथीच्या त्या काळात हजारो विद्यार्थ्यांनी मोबाइलवरून परीक्षा दिली, आणि घरात 'रेंज' आहे की नाही हा शैक्षणिक पात्रतेचा प्रश्न बनला. २०२१ साली श्रेयांकांची राष्ट्रीय पेढी सुरू झाली.

यातून झालेले लाभ नाकारण्याचे कारण नाही. एका दाखल्यासाठी आटपाडीहून वा चंदगडहून कोल्हापूरची खेप घालणे आता पुष्कळदा टळते. परंतु येथे एक सूक्ष्म स्थित्यंतर झाले. पूर्वी कारकून, टंकलेखक व केंद्र-साहाय्यक करीत असलेले काम नाहीसे झाले नाही. ते विद्यार्थ्याकडे सरकले. ज्याला ते झेपत नाही तो बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, पैसे देतो आणि अर्ज भरून घेतो. अनेकदा परवलीचा शब्दही दुकानदाराजवळच राहतो. म्हणजे साहाय्य पुन्हा बाजारात गेले. फरक इतकाच की टंकलेखक मजकूर वाचीत असे. येथे तो वाचण्यास कोणास सवड नसते.

(५)

या स्थित्यंतराची खूण विद्यार्थ्यांच्या बोलण्यातही उमटली आहे. पूर्वीची तक्रार 'कारकुनाने अर्ज परत केला' अशी असे. तीत कर्ता होता, आणि म्हणूनच दाद कोणाकडे मागावयाची हेही ठाऊक होते. आजची वाक्ये पाहा : 'अर्ज रिजेक्ट झाला', 'ओटीपी येत नाही', 'सर्व्हर डाऊन आहे'. ही सर्व अकर्मक वाक्ये आहेत. त्यांत कोणी काही केलेले नसते. सारे आपोआप घडते. खुद्द 'आधार' हा शब्दच पाहा. विद्यार्थ्याच्या तोंडी तो आज प्रथम एका ओळखपत्राचे नाव म्हणून येतो.

दुसरे उदाहरण नावांचे. रोमन लिपीत ल व ळ, न व ण, त व ट यांचा भेद सामान्यतः राहत नाही. 'कांबळे' हे नाव रोमन लिपीत जाऊन यंत्राद्वारे देवनागरीत परत आले की त्याचे 'कांबले' होऊ शकते. मग दोन नोंदी जुळत नाहीत आणि एका ध्वनिभेदापायी श्रेयांक वा शिष्यवृत्ती अडून बसते. माहिती भरतानाच मराठी वर्णव्यवस्था जाणणारा माणूस समोर असेल, तर ही चूक क्षणात दुरुस्त होते. तो नसेल, तर महिने जातात.

(६)

वरील विवेचनावरून असे दिसते की तंत्रसाहाय्याची वाटचाल केवळ अप्रगतापासून प्रगताकडे झालेली नाही. यंत्र सुधारत गेले, पण साहाय्य करणारा माणूस आधी विद्यार्थ्याच्या समोर होता, नंतर संस्थेच्या खोलीत होता आणि शेवटी दिसेनासा झाला. नवे पोर्टल उभारताना त्याच्या खर्चात एका जाणत्या, मराठी बोलणाऱ्या व नाव-पत्ता असलेल्या साहाय्यकाचा अंतर्भाव होणे अगत्याचे आहे. 'कमवा व शिका' योजनेतील विद्यार्थ्यांस हे काम देता येईल, आणि त्याची जागा वसतिगृहातच असावी. ज्या नगरीने सव्वाशे वर्षांपूर्वी विद्यार्थ्याच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय हा शिक्षणाचा भाग मानला, तिला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही.